बेंबळीचं मत तुळजापूरला : भाजपनं ही जागा कशी घेतली आणि कशी राखली

बेंबळी : आपल्या भागातल्या नवीन मतदारांना दर निवडणुकीला हा प्रश्न पडतोच. सातबारा धाराशिव तहसीलचा, दाखले धाराशिवचे, बाजारहाट धाराशिवला, मग आमदार तुळजापूरचा कसा? त्यात कुणी विचारलं की तुमचा आमदार कोण, तर नुसतं 'पाटील' म्हणून चालत नाही. धाराशिवचे कैलास पाटील, तुळजापूरचे राणाजगजितसिंह पाटील, आणि २०२४ ला त्यांच्यासमोर उभे होते तेही धीरज पाटील. म्हणून ही सगळी माहिती एकदा एका जागी द्यावी असं ठरवलं. वाचकहो, लेख थोडा लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी मतदारसंघ समजून घ्या

धाराशिव जिल्ह्यात विधानसभेच्या चार जागा आहेत. २४० उमरगा (ही अनुसूचित जातीसाठी राखीव), २४१ तुळजापूर, २४२ उस्मानाबाद आणि २४३ परंडा. जिल्ह्याचं नाव २०२३ ला धाराशिव झालं, पण निवडणूक आयोगाच्या कागदावर मतदारसंघाचं नाव उस्मानाबादच आहे, कारण ती नावं २००८ च्या फेररचनेच्या आदेशात आहेत. यादीत उस्मानाबाद दिसलं म्हणून गोंधळू नका.

त्याच २००८ च्या फेररचनेनुसार कळंब ही स्वतंत्र जागा संपली आणि कळंब तालुका उस्मानाबादच्या जागेला जोडला गेला. सगळा धाराशिव तालुका आणि सगळा कळंब तालुका एका जागेत बसत नव्हता. म्हणून धाराशिव तालुक्यातली सत्तरच्या आसपास गावं तुळजापूर तालुक्याबरोबर २४१ मध्ये आहेत. बेंबळी त्यात, आणि तेरही त्यात. तेरचं नाव ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

लोकसभेला मात्र हे चारही मतदारसंघ एकत्र, शिवाय लातूर जिल्ह्यातलं औसा आणि सोलापूर जिल्ह्यातली बार्शी. म्हणजे आपण एकाच मतदान केंद्रावर जाऊन दोन वेगवेगळ्या गणितांत मत टाकतो. हे गणित किती वेगळं असतं ते २०२४ नं चांगलंच दाखवलं.

लाल बावटा आणि पंजा

तुळजापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, देवीचं गाव, इथं हिंदुत्वाचा पक्ष पहिल्यापासून जोरात असणार. तसं मुळीच नव्हतं. इथली जुनी लढत काँग्रेस आणि शेतकरी कामगार पक्ष यांच्यात. भाई उद्धवराव पाटलांचा हा जिल्हा, शेकापचा लाल बावटा गावोगाव होता. तुळजापुरातून माणिकराव खपले शेकापकडून निवडून आले, एकदा नव्हे तर अनेकदा. काँग्रेसकडून अणदूरचे सिद्रामप्पा आलुरे गुरुजी आमदार झाले. पुढं अणदूरचेच मधुकरराव चव्हाण १९९० ला निवडून आले, १९९५ ला खपल्यांनी जागा परत घेतली, आणि १९९९ पासून चव्हाणांनी सलग चार वेळा, म्हणजे २००४, २००९ आणि २०१४ धरून, ती आपल्याकडं ठेवली. पाच वेळा आमदार, राज्यात मंत्री.

या सगळ्यात भाजप कुठं होता? २०१४ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी देशात मोदींची लाट, राज्यात युती तुटलेली, आघाडीही तुटलेली, सगळे मोठे पक्ष आपापल्या जोरावर उभे. १५ ऑक्टोबरला मतदान झालं. राज्यात भाजप पहिल्या क्रमांकाचा पक्ष झाला, आणि तुळजापुरात पुन्हा मधुकरराव चव्हाण. दुसऱ्या क्रमांकावर राष्ट्रवादीचे जीवनराव गोरे. भाजप त्यांच्याही मागं राहिला. म्हणजे लाटेतही इथल्या मतदारानं कमळ पहिल्या दोनात आणलं नाही. पाच वर्षांनी तोच पक्ष जिंकला. मधल्या काळात गावोगाव शाखा वाढल्या, विचार रुजला, असं कुणी सांगितलं तर ते अर्धच खरं आहे. उरलेलं अर्ध तेरच्या वाड्यात आहे.

तेरचं घर

डॉ. पद्मसिंह पाटील १९७८ पासून उस्मानाबादचे आमदार. राज्यात मंत्री राहिले, २००९ ला खासदार झाले. शरद पवारांच्या अगदी जवळचे, शिवाय सोयरे. सुनेत्रा पवार या पद्मसिंह पाटलांच्या बहीण, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीतच आहे. त्यांचे चिरंजीव राणाजगजितसिंह हे आधी विधान परिषदेवर होते, राज्यमंत्रीही होते. २००९ ला त्यांनी उस्मानाबादहून राष्ट्रवादीकडून विधानसभा लढवली आणि शिवसेनेच्या ओमराजे निंबाळकरांकडून हरले. २०१४ ला त्याच दोघांत पुन्हा लढत झाली, यावेळी राणादादा जिंकले. २०१९ ला ही जोडी लोकसभेला समोरासमोर आली. ओमराजे सव्वा लाखाच्या वर मतांनी निवडून आले.

हा पराभव २३ मे २०१९ चा. सप्टेंबरच्या सुरुवातीला सोलापूरला अमित शहांच्या उपस्थितीत राणाजगजितसिंह भाजपमध्ये गेले. त्या वेळी राज्यभर राष्ट्रवादी आणि काँग्रेसमधून अशी रांगच लागली होती, त्यामुळं इथली बातमी फार वेगळी होती असं नाही. अडचण वेगळीच होती. भाजप आणि शिवसेनेची युती होती, आणि उस्मानाबादची जागा शिवसेनेची. तिथं सेनेनं कैलास पाटलांना उभं केलं. मग राणादादांना जागा कुठली? तुळजापूर. आणि तेर हे गाव तुळजापूर मतदारसंघात येत असल्यानं त्यांना 'बाहेरचा उमेदवार' म्हणणं विरोधकांना अवघड गेलं. आपली धाराशिव तालुक्यातली गावं त्यांना वडिलांच्या काळापासून ओळखत होती. तुळजापूर तालुक्यात मात्र नव्यानं बांधणी करावी लागली.

२०१९ चा निकाल आकड्यांत

२१ ऑक्टोबरला मतदान, २४ ला निकाल. भाजपला ९९ हजार मतं, काँग्रेसच्या मधुकररावांना जवळपास ७६ हजार, आणि वंचित बहुजन आघाडीकडून उभे राहिलेले नळदुर्गचे अशोक जगदाळे यांना ३५ हजारांच्या वर. फरक सुमारे २३ हजारांचा.

हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडा. काँग्रेस आणि वंचित यांची बेरीज भाजपपेक्षा जास्त भरते. याचा अर्थ जगदाळे नसते तर ती सगळी मतं काँग्रेसला गेली असती असा होत नाही, मतं अशी पोत्यातून पोत्यात ओतता येत नाहीत. पण तिरंगी लढतीचा फायदा भाजपला झाला, हे त्या वेळी पारावर बसणाऱ्यालाही कळत होतं. दुसरं कारण चव्हाणांचं वय आणि सलग वीस वर्षं. तिसरं, राष्ट्रवादीचे जे कार्यकर्ते तेरच्या घराशी बांधलेले होते ते घड्याळ सोडून कमळाबरोबर आले. पक्षाला आयती फळी मिळाली.

घड्याळ, कमळ, घड्याळ, कमळ

आता २०२४. मे महिन्यात लोकसभा. महायुतीत उस्मानाबादची जागा अजित पवारांच्या राष्ट्रवादीला गेली आणि उमेदवारी मिळाली राणाजगजितसिंहांच्या पत्नी अर्चना पाटील यांना. त्या भाजपमधून राष्ट्रवादीत आल्या आणि घड्याळावर उभ्या राहिल्या. म्हणजे एकाच घराच्या प्रचाराला एप्रिल २०१९ मध्ये घड्याळ, ऑक्टोबर २०१९ मध्ये कमळ, मे २०२४ मध्ये घड्याळ आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा कमळ. साडेपाच वर्षांत चार निवडणुका, दरवेळी चिन्ह बदललेलं. वयस्कर माणसांना बटण समजावून सांगताना कार्यकर्त्यांच्या नाकीनऊ आले. समोरचे ओमराजे तरी कुठं सुटले, २०१९ ला धनुष्यबाण आणि २०२४ ला मशाल.

७ मे ला मतदान झालं, ४ जूनला निकाल. ओमराजे ३ लाख २९ हजारांच्या वर मतांनी निवडून आले. राज्यातल्या मोठ्या विजयांपैकी एक. तुळजापूर विधानसभा क्षेत्रातही मशालच पुढं होती. आमदार भाजपचा, उमेदवार आमदारांच्या घरातली, तरी मतदारसंघ विरोधात गेला.

का गेला? कारणं एकात एक गुंतलेली आहेत. मराठा आरक्षणाचा राग होता. मनोज जरांगे पाटलांचं अंतरवाली सराटीचं आंदोलन आणि तिथं झालेला लाठीमार मराठवाड्यात कुणी विसरलेलं नव्हतं. पक्ष फोडाफोडीचा राग होता. संविधान बदलणार ही भीती दलित वस्त्यांत पोहोचली होती, मुस्लिम मतदार एकगठ्ठा होता. आणि सोयाबीन. आपल्या भागात खरिपाचं दुसरं नाव सोयाबीन, आणि २०२१ ला ज्यानं आठ-दहा हजारांचा भाव बघितला त्याला साडेचार हजारात माल घालायला लावला तर तो मतपेटीतच बोलणार. ओमराजेंचा फोन कुणीही लावला तरी उचलला जातो, ही त्यांची ख्याती, तिचाही वाटा होताच.

सहा महिन्यांत काय बदललं

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान, २३ ला निकाल. राणाजगजितसिंह पाटील १ लाख ३१ हजारांच्या वर मतं घेऊन निवडून आले. काँग्रेसचे जिल्हाध्यक्ष धीरज पाटील ९५ हजारांच्या आसपास. फरक साधारण ३७ हजार. म्हणजे २०१९ पेक्षा भाजपची स्वतःची मतं ३० हजारांच्या वर वाढली. यावेळी मतविभागणीचं कारण पुढं करता येत नाही.

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण लाडकी बहीण. जूनच्या अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली, ऑगस्टमध्ये पहिले पैसे खात्यात आले, मतदानाआधी महिन्याला १५०० प्रमाणं पाच हप्ते जमा झाले. बेंबळीतल्या बँकेपुढं आणि सीएससी सेंटरपुढं त्या दिवसांत जी गर्दी होती ती ज्यानं पाहिली त्याला निकालाचं फार आश्चर्य वाटलं नसेल. बाईच्या हातात तिच्या स्वतःच्या नावानं पैसा आला, घरातल्या कर्त्याला न विचारता. प्रचारात महायुतीनं २१०० चं आश्वासन दिलं, महाविकास आघाडीनं महालक्ष्मी योजनेतून ३०००. मिळालेले १५०० आणि मिळणार असलेले ३००० यात लोकांनी मिळालेले धरले.

दुसरं, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाचं वीजबिल माफ. तिसरं, २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला हेक्टरी ५००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. चौथं, ४ नोव्हेंबरला अर्ज माघारीच्या दिवशी सकाळीच जरांगे पाटलांनी उमेदवार उभे न करण्याचं जाहीर केलं, त्यामुळं लोकसभेसारखं एका दिशेनं वारं फिरलं नाही. आणि पाचवं, काँग्रेसनं उमेदवार बदलला. तो बदल चव्हाणांच्या जुन्या गटाला पटला नव्हता, आणि हे लपूनही राहिलं नव्हतं.

सोयाबीनचा राग होता तसाच होता. हमीभाव ४८९२, बाजारात चार हजाराच्या आगंमागं. खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओल असली की माल परत. मतदानाच्या चारपाच दिवस आधी केंद्रानं ओलीची मर्यादा १५ टक्के केली. महायुती ६००० भाव देऊ म्हणाली, आघाडी ७०००. शेतकऱ्यानं दोन्ही आकडे ऐकले आणि, माझ्या मते, दोन्हींवर विश्वास ठेवला नाही. मग उरलेल्या गोष्टींवर मत दिलं.

शेजारच्या जागांवर काय झालं तेही बघा. धाराशिवला कैलास पाटील आणि उमरग्यात प्रवीण स्वामी, दोघंही मशालीवर जिंकले. परंड्यात तानाजी सावंत दीड हजाराच्या फरकानं कसेबसे तरले. राज्यात भाजपला १३२ जागा आल्या असताना या जिल्ह्यात दोन इकडं, दोन तिकडं. म्हणून 'लाटेत निवडून आले' हे तुळजापूरला जसंच्या तसं लावता येत नाही. लाट शेजारच्या उमरग्यात पोहोचली नाही.

उमेदवारानं कशावर मतं मागितली

भाजप हा उजव्या विचारांचा पक्ष, हे आपण वाचतो. पण गावातल्या सभेत त्या विचाराचं रूप काय होतं? देवी, पाणी, रेल्वे, विमा. या क्रमानं.

तुळजाभवानी मंदिर आणि शहराचा विकास आराखडा हा राणाजगजितसिंहांच्या प्रचाराचा गाभा. निवडणुकीनंतर ६ मे २०२५ ला चौंडी इथं झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत तीर्थस्थळांच्या आराखड्यांना मान्यता मिळाली, त्यात तुळजापूरचे १८६५ कोटी. मान्यता मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. भूसंपादन, पुजारी आणि व्यापाऱ्यांच्या हरकती हे सगळं त्यात असतं.

कृष्णा-मराठवाडा प्रकल्पातून ७ टीएमसी पाणी, उजनीकडून टप्प्याटप्प्यानं उचलून तुळजापूरच्या रामदरा तलावापर्यंत. ही योजना आपल्या पोरांच्या जन्माआधीपासून ऐकतोय. सरकारं बदलली, सुधारित मान्यता मिळाल्या, खर्च वाढला. या पाण्याचं श्रेय घेणारे सगळ्या पक्षांत आहेत. बेंबळी भागातल्या माणसानं एवढंच विचारावं की आपल्या शिवाराचं नाव लाभक्षेत्राच्या यादीत आहे का, असेल तर कितव्या टप्प्यात.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वे, सुमारे ८४ किलोमीटर. निम्मा खर्च राज्यानं उचलायचा, त्यावरून महाविकास आघाडीच्या काळात वाद झाला, २०२२ नंतरच्या सरकारनं वाटा देण्याचं मान्य केलं. काम सुरू आहे, जमिनीच्या मोबदल्यावरून तक्रारीही सुरू आहेत.

आणि पीकविमा. २०२० च्या ऑक्टोबरात काढणीच्या तोंडावर पाऊस झाला, सोयाबीनच्या गंजी भिजल्या. ७२ तासांत तक्रार दिली नाही म्हणून कंपनीनं बहुतेकांना नाकारलं. जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेला. मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूनं लागला, कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथं २०० कोटी भरायला लागले. या न्यायालयीन लढ्याच्या मागं राणाजगजितसिंह होते, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. त्याच विम्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये कैलास पाटील जिल्हाधिकारी कार्यालयापुढं उपोषणाला बसले, हेही तितकंच खरं. दोन पक्षांचे दोन पाटील एकाच विम्यासाठी भांडले, तेव्हा कुठं पैसे हलले. पुढं एक रुपयात विमा आला तो २०२३ च्या खरिपात, आणि २०२५ च्या खरिपात तो बंदही झाला. आता पुन्हा विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्के हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो. २१०० रुपयांचं आश्वासन २०२५ सरलं तरी प्रत्यक्षात आलं नव्हतं.

उभं राहायचं असेल तर

पोरं विचारतात म्हणून थोडक्यात. विधानसभेला उभं राहायला वय २५ पूर्ण, महाराष्ट्रातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव. अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्शाएवढी मतं पडली नाहीत तर अनामत जप्त. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. खर्चाची मर्यादा ४० लाख. (गावातला पोरगाही सांगेल खरा खर्च किती होतो ते, पण कागदावर ४० लाख.) प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे यांचं शपथपत्र द्यावं लागतं. ते आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही मोबाइलवर वाचता येतं. बॅनर वाचण्यापेक्षा ते वाचा.

आपल्या भागाचा अर्ज तुळजापूरच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं भरला जातो, धाराशिवला नाही. यादीत नाव घालायला अर्ज क्रमांक ६, दुरुस्ती किंवा पत्ता बदलायला ८. गावचा बीएलओ भरून घेतो, नाहीतर १९५० वर फोन लावा. यादी शोधताना जिल्हा धाराशिव किंवा उस्मानाबाद टाकला तरी मतदारसंघ २४१ तुळजापूर टाकायला विसरू नका. २४२ मध्ये शोधून 'माझं नाव कापलं' म्हणून ओरडणारे दर निवडणुकीला भेटतात.

पुढं काय

या विधानसभेची मुदत २०२९ च्या अखेरीपर्यंत आहे. मतदारसंघांची आजची रचना २००१ च्या जनगणनेवर झालेली. राज्यघटनेप्रमाणं २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे आले की नवी फेररचना करता येते, आणि ती जनगणना २०२७ ला ठरलेली आहे. त्या वेळी धाराशिव तालुक्यातली ही गावं तुळजापूरबरोबर ठेवायची, धाराशिवला परत जोडायची की आणखी कुठं टाकायची हे नव्यानं ठरेल. फेररचनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवतात, जाहीर सुनावणीही होते. २००८ च्या वेळी आपल्या गावातून कुणी हरकत दिली होती का, हे ग्रामपंचायतीतल्या जुन्या मंडळींना विचारून बघा.